लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम कसे पाहावे

लंडनला येणारी अनेक कुटुंबे साउथ केन्सिंग्टनमधील नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी जेमतेम दोन तास राखून ठेवतात, कारण त्याच दिवशी शेजारचे सायन्स म्युझियम आणि रस्त्यापलीकडचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टही उरकायचे असते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की या संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्यावा आणि तरीही सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये.

प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ ठरवून तिकीट संकेतस्थळावर आधीच काढून ठेवावे, म्हणजे रांगेत ताटकळावे लागत नाही. संग्रहालय सकाळी १० ते सायंकाळी ५.५० पर्यंत उघडे असते, शेवटचा प्रवेश ५.३० ला मिळतो आणि २४ ते २६ डिसेंबर हे तीन दिवस ते बंद असते. पिकॅडिली, डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल या मार्गांनी साउथ केन्सिंग्टन स्थानक गाठता येते. शाळांना सुट्टी नसेल असा दिवस निवडावा आणि शक्यतो दुपारी जावे, कारण तोपर्यंत शालेय सहली ओसरू लागलेल्या असतात.

आत शिरण्याची घाई करू नये. आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी रचलेली, १८८१ मध्ये खुली झालेली ही टेराकोटाची इमारत हेच पहिले दालन आहे. तिच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडच्या, म्हणजे पूर्वेकडच्या भागावर नामशेष झालेले प्राणी कोरलेले दिसतात आणि डावीकडे आजही हयात असलेले. ही विभागणी रिचर्ड ओवेन यांच्या इच्छेनुसार झाली. ‘डायनोसॉर’ हे नाव १८४२ मध्ये रूढ करणाऱ्या आणि हे संग्रहालय उभे राहावे म्हणून अनेक वर्षे झटलेल्या ओवेन यांना डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत मान्य नव्हता. उत्क्रांतीवरचा हा वाद मनात ठेवून आत गेल्यास सुटी सुटी वाटणारी दालने एकमेकांशी बोलू लागतात.

मुख्य हिंट्झ दालनात छताखाली २५.२ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा सूर मारल्यागत झुकलेला आहे. ही मादी १८९१ मध्ये आयर्लंडमधील वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर अडकली होती. २०१७ मध्ये, डिप्लोडोकस या डायनोसॉरच्या सांगाड्याची लाडकी प्रतिकृती हलवून, तिला इथे टांगण्यात आले आणि ‘होप’ हे नाव देण्यात आले. छायाचित्र काढून पुढे सरकण्याआधी तिच्या परांकडे नीट पाहावे: दंडाचे हाड, मनगट आणि त्यापुढे बोटांची हाडे असा सारा क्रम आपल्या हातासारखाच आहे. मुले सोबत असतील तर त्यांना स्वतःचा हात चाचपत ती हाडे मोजू द्यावीत. मोठी माहितीपाटी वाचून दाखवण्यापेक्षा त्यातून माणूस आणि देवमासा यांचा दूरचा पूर्वज एकच असल्याची कल्पना अधिक लवकर पोहोचते. समोरच्या जिन्यावर डार्विनचा संगमरवरी पुतळा आहे.

त्याच जिन्याने वर गेल्यावर कॅडोगन दालन लागते. ते लहान असल्यामुळे बहुतेक लोक चुकवतात, आणि माझ्या मते ते चुकवणे हे या भेटीतील सर्वांत मोठे नुकसान होय. तेथील आर्किऑप्टेरिक्स या पिसे असलेल्या प्राचीन प्राण्याचा जीवाश्म जर्मनीत चुनखडीच्या थरात सापडला आणि १८६२ मध्ये ओवेन यांच्याच पुढाकाराने विकत घेतला गेला. दगडावर पिसांचे ठसे पक्ष्यासारखे स्पष्ट उमटले आहेत, तर मणक्यांची लांब शेपटी सरड्यासारखी आहे. ओवेन यांनी त्याला पक्षी ठरवले. पुढे मात्र सरीसृप आणि पक्षी यांना जोडणारा दुवा म्हणून तोच जीवाश्म डार्विनच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरला.

डायनोसॉरच्या दालनाबाहेर गर्दी असल्यास तेथे तिष्ठत राहू नये. त्याऐवजी सागरी सरीसृपांच्या भिंतीकडे जावे, जिथे मेरी ॲनिंग यांनी १८२३ मध्ये इंग्लंडमधील लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर शोधलेला प्लेसिओसॉर आहे. त्या काळी लंडनच्या भूविज्ञान संस्थेत स्त्रियांना सदस्यत्व मिळत नसे, तरी त्यांनी खणून काढलेल्या जीवाश्मांवर विद्वानांचे शोधनिबंध उभे राहिले. खनिजांच्या दालनातील ओकची जुनी कपाटेही अवश्य पाहावीत.

जड सामान नेणे टाळावे, पायांत आरामदायी बूट असावेत, आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी दुसरा दिवस काढावा.