ॲम्प्लिफायरची पॉवर कॉर्ड घेताना

गेल्या दिवाळीनंतर एक प्राध्यापक सर दुकानात आले. पिशवीतून त्यांनी अंगठ्याएवढी जाड, वरून काळी जाळी विणलेली पॉवर कॉर्ड काढली आणि काउंटरवर ठेवली. चौदा हजारांची. म्हणाले, "भाऊ, ही लावल्यापासून आवाज मोकळा झालाय असं वाटतं. पण गाणं थांबलं की स्पीकरमधून घरघर येतीय. आधी नव्हती. असं कामून होतंय?"

लातूरला गंजगोलाईपासून दोन गल्ल्या आत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं ॲम्प्लिफायर उघडतोय. भजनी मंडळांचे, मंगल कार्यालयांचे, आणि घरी दिवा मंद करून नीट गाणं ऐकणाऱ्यांचे. हे लिहितोय ते या शेवटच्यांसाठी, कारण कॉर्डच्या नावाखाली सगळ्यात जास्त पैसे त्यांचेच जातात, आणि जिथं खरंच लक्ष द्यायला पाहिजे तिथं कुणी बघत नाही.

सरांची घरघर कुठून आली हे मला कॉर्डचं टोक बघूनच कळलं होतं. पण त्यांना म्हटलं, आधी आवाजाचं बघू. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं. सरांना स्पीकरसमोर बसवलं, ॲम्प्लिफायर त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर. एक त्यांची कॉर्ड, एक माझ्या खणातली साडेतीनशेची. भाचा रुपया उडवायचा. छापा आला तर एक कॉर्ड, काटा आला तर दुसरी. कॉर्ड तीच राहणार असली तरी दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करून, काढून, परत लावायची, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज यायला नको. व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावायचा नाही. मालकंसाचा तोच विलंबित तुकडा, बारा वेळा. सर पट्टीचे ऐकणारे आहेत, तंबोऱ्याची तार किंचित उतरली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते. बारांपैकी सहा वेळा त्यांनी कॉर्ड बरोबर ओळखली. नुसता रुपया उडवूनही तेवढीच आली असती.

तुम्हीही महागडी कॉर्ड घ्यायच्या आधी हे करा. परत करता येईल अशीच घ्या, घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा, आणि डोळ्यांनी नाही तर कानांनी ठरवा. कॉर्ड दिसत असली की मन आधीच कौल देतं. यात कमीपणा काही नाही, कान सगळ्यांचेच असे आहेत.

असं का होतं ते समजून घेणं अवघड नाही. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची, ५० हर्ट्‌झची लाईट स्पीकरपर्यंत जातच नाही. ॲम्प्लिफायरमध्ये ती ट्रान्सफॉर्मरवर उतरते, डायोडमधून जाते, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, आणि तिथून डीसी होऊन पुढे जाते. कॉर्डचं काम एवढंच की गरम न होता पुरेसा करंट पोचवायचा आणि अर्थिंग धरून ठेवायची. आता हिशोब बघा. पाऊण एमएमच्या (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद पाऊण चौरस मिलिमीटर) वायरला हजार मीटरला २६ ओहम रेझिस्टन्स असतो. दीड मीटरची कॉर्ड म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर, ०.०७८ ओहम. ३०० वॉट ओढणारा ॲम्प्लिफायर साधारण १.३ अँपिअर घेतो, म्हणजे कॉर्डमध्ये ०.१ व्होल्ट पडला. कपॅसिटर भरताना करंट झटक्यात येतो, तो पाचपट धरला तरी अर्धा व्होल्ट. तेच दीड एमएमची कॉर्ड घेतली तर त्याच्याही निम्मा. आणि आपल्याकडं रब्बीत संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की डीपीवरूनच, म्हणजे भागातल्या ट्रान्सफॉर्मरवरूनच, व्होल्टेज तीस-तीस व्होल्टनी खाली येतं. जे काही बिघडायचं ते कॉर्डच्या कितीतरी आधी बिघडलेलं असतं.

मग कॉर्ड कोणतीही चालते का? नाही. खराब कॉर्ड नुकसान करते, आणि बाजारात खराब कॉर्ड भरपूर आहेत.

पहिली गोष्ट तांबं. कॉम्प्युटरची म्हणून जी कॉर्ड मिळते, तीच बहुतेक ॲम्प्लिफायरच्या मागे बसते. स्वस्तातल्या कॉर्डमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा दिलेला असतो. हातात घेतली की हलकी लागते. वायर सुटी मिळत असेल तर टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. कधी उलटं असतं, वरून पांढरी आणि आतून लाल. ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं. तयार साच्यातली कॉर्ड खरवडता येत नाही, म्हणून मी आयएसआय मार्क आणि कॉर्डच्या अंगावर छापलेली जाडी बघतो. घरच्या स्टिरिओला ०.७५ पुरते, मोठ्या पॉवर ॲम्प्लिफायरला १.५ घ्या. त्याहून जाड घेतल्यानं फायदा नाही, उलट तिच्या वजनानं मागचं सॉकेट ओढलं जातं. माझ्याकडं अशी दोन सॉकेटं आली होती, बोर्डावरचा झाळ तडकलेला.

दुसरी गोष्ट पकड, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. कॉर्ड ॲम्प्लिफायरमध्ये लावताना बोटांना जोर जाणवला पाहिजे, आणि लावल्यावर हलवली तरी डुलली नाही पाहिजे. भिंतीकडंही तसंच. आपल्या घरांतली सॉकेटं दहा-पंधरा वर्षं बदललेली नसतात, आतल्या पितळी पाकळ्या फाकून जातात. तिथं बारीक स्पार्किंग होतं, ते स्पीकरमधून चर्र, टक्‌ असं ऐकू येतं. तासभर गाणं चालू ठेवा, मग स्विच बंद करून थ्री-पिन टॉप काढा आणि पिनांना बोट लावा. गरम लागल्या तर सॉकेट बदला. शे-दीडशे रुपयांत जेवढा फरक यातून पडतो तेवढा कुठल्याच कॉर्डनं पडत नाही.

टॉप स्वतः बसवत असाल तर वायरच्या टोकाला झाळ लावू नका. झाळ मऊ असतो, स्क्रूखाली दबत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत लूज कॉन्टॅक्ट होतो. तारा पिळून त्यांच्यावर थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबा. अर्थिंगची तार आत बाकीच्या दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे कुणी कॉर्डला पाय अडकून ओढली तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटेल. हिरवी-पिवळी अर्थिंगला, तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला. अमेरिकी कॉर्डमध्ये काळी फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल असायची, म्हणून तिथं दोनदा तपासा.

ज्या डेकला किंवा सीडी प्लेयरला आठच्या आकड्याची दोन पिनांची कॉर्ड लागते, त्याला अर्थिंगची गरजच नसते. त्यावर पैसे घालवू नका.

आता सरांची घरघर. त्यांच्या कॉर्डला युरोपातला गोल टॉप होता. त्याची अर्थिंग पिनेत नसते, बाजूच्या पट्ट्यांत असते. आपल्या सॉकेटमध्ये त्याच्या दोन पिना जातात, पण अर्थिंगला काहीच टेकत नाही. सरांनी तर मधे एक कन्व्हर्टर लावला होता, तोही ढिला. म्हणजे चौदा हजार देऊन घरात आली बिनअर्थिंगची कॉर्ड. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हाताची पालथी बाजू लावली की मुंग्या येत होत्या. घरघरीचं सोडा, यात जीव जाऊ शकतो. बाहेरून मागवलेली कॉर्ड हातात आली की आधी तिचा टॉप बघा. अमेरिकी टॉपवर १२५ व्होल्ट छापलेलं असतं, तो आपल्या २३० ला लावायचाच नाही.

आणि कॉर्ड ठीक असूनही घरघर आली, तर अर्थिंगचा खड्डा बघा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खड्ड्यातल्या पाइपाला माती चिकटून राहत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा माझ्याच घरी हे झालं. वर्षानुवर्षं गप्प असलेला ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागला. मी कॉर्ड बदलल्या, कपॅसिटर बदलले, आठ दिवस डोकं खाल्लं. शेवटी मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३१ व्होल्ट. तिथं एक-दोन दिसायला पाहिजेत. फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं सगळं विजेचं लीकेज अर्थिंगच्या वायरवर चढून बसलं होतं आणि जमिनीत उतरायला वाट नव्हती. खड्डा ओला राहायला पाहिजे, पण प्यायलाच पाणी नव्हतं, खड्ड्यात कुठून ओतणार? बायकोनं भांडी विसळलेलं पाणी बाजूला ठेवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी एक तपेलं. चौथ्या दिवशी रीडिंग चारवर आलं आणि गुणगुण थांबली. पावसाळ्यानंतर खड्डा उकरून कोळसा-मीठ नव्यानं भरलं.

न्यूट्रल-अर्थ मोजायचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, स्वतः सॉकेटात काड्या घालू नका.

टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची वायर ॲम्प्लिफायरला जोडली की घरघर येते आणि काढली की जाते, असं असेल तर तो अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली जाऊन वायरींचा बंद वेढा झालाय. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, कधीकधी तेवढ्यानं जातं. टॉपची अर्थिंग पिन मोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या नंबरवर असताना बारीक झिंग येत असेल तर दोष रेग्युलेटरचा; स्पीकरच्या आणि सिग्नलच्या वायरी त्या बोर्डापासून लांब न्या.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकणाऱ्यांनी एवढं बघावं की इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. जुन्या स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर स्वतःच भुणभुणतो, त्यावर कॉर्डचा काही इलाज नाही.

सरांची कॉर्ड मी फेकू दिली नाही. उघडून बघितली तर आत अडीच एमएमचं अस्सल तांबं होतं. गोल टॉप कापला, लहान टॉपात एवढी जाड वायर मावत नाही म्हणून सोळा अँपिअरचा बसवला, थिंबल दाबले, अर्थिंग बोटभर लांब ठेवली. सरांच्या घरी जाऊन पॉवरच्या सॉकेटात लावला. गाणं बंद करून आम्ही दोघं स्पीकरला कान लावून बसलो. आतल्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं.