तालुक्यात संस्था तीन, काम जोडायचं कसं?

आमच्या अकोले तालुक्यात एक संस्था बंधारे बांधते, दुसरी देशी बियाणं जपते, तिसरी बचतगट चालवते. गाव तेच, बायाही त्याच, अन् प्रत्येकाला आधारची झेरॉक्स वेगळी! म्हणून आधी कुटुंबांची एकच यादी करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. चुका तिथंच निघतात.

पैसे मात्र एकत्र करायला जाऊ नका. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा; त्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कामं वाटून घ्या, खर्च ज्याचा त्याने करावा. कोण काय करणार ते साध्या मराठीत दोन पानांवर लिहून सह्या घ्या. फलकावर नाव कुणाचं आधी, हेही त्यातच येऊ द्या. (हसू नका, निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.)

मग विक्री. दहा शेतकरी जमले की उत्पादक कंपनी नोंदवता येते. घोडं अडतं ते भाताची गिरणी कुठल्या वाडीत बसवायची यावर. थ्री-फेज वीज आणि भर पावसात ट्रक वळेल एवढी जागा बघा, पुढाऱ्याचं घर नको. हिशेब बचतगटातल्या ताईंकडे द्या. दर महिन्याला पासबुक जुळवायची त्यांना सवय असते.