फ्लाय रॉड घेण्याआधी वॉरंटीचा कागद

जळगावकडच्या हतनूर नाहीतर वाघूर धरणाच्या काठावर फ्लाय रॉड, म्हणजे नकली माशी लावून मासे धरायची लवचिक काठी, घेऊन उभं राहायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ वॉरंटी वाचायला काढा. रॉड किती फुटी, किती नंबरचा, यावर आपण महिनाभर खल करतो आणि तो कागद खोक्याबरोबर रद्दीत जातो.

आधी ‘लाइफटाइम’ या शब्दाकडे बघा. बहुतेक ठिकाणी ही वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते, आणि तीही माल किंवा कारागिरीत खोट निघाली तरच. म्हणून बिल स्वतःच्याच नावावर घ्या. कोणाचा वापरलेला रॉड घेत असाल, तर वॉरंटी नाहीच असं धरून भाव करा.

पण खरी गोची मोडतोडीची. कार्बनचा रॉड कारखान्यातल्या खोटीने क्वचितच तुटतो. तो तुटतो गाडीच्या दारात, पायाखाली आणि आपल्याकडे छताच्या पंख्यात. माझा असाच गेला. जळगावचा मे महिना, पंखा पाचवर, आणि नवा रॉड चारही तुकडे जोडून मी खोलीत उभा. टक्‌ असा आवाज झाला आणि टोकाचा वीतभर तुकडा भिंतीशी जाऊन पडला. तुटलेल्या जागी बारीक काळे तंतू पिंजले होते. दुकानदार म्हणाला, ‘भाऊ, हे वॉरंटीत बसत नाही.’ कागदात तसंच छापलेलं होतं. फार वाईट वाटलं.

तेव्हा अपघाताने मोडल्यास काय, ती ओळ शोधाच. काही कंपन्या ठरावीक फी घेऊन मोडलेला तुकडा बदलून देतात. फी किती, एकच तुकडा पाठवायचा की सगळा रॉड, परदेशी पाठवायचा तर कुरिअर आणि कस्टमचा खर्च कोणाकडे, मॉडेल बंद झालं तर पुढे काय, हे सगळं लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तरही जपून ठेवा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. जोड घट्ट बसतात का, कड्या एका रेषेत आहेत का ते तपासा, सिरियल नंबरचा फोटो घ्या आणि नोंदणी लागत असेल तर त्याच दिवशी करून टाका. पुढे ओला रॉड नळीत कोंडू नका. रोगणाला फोड येतात, बुचाच्या मुठीला बुरशी धरते, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणून नकार मिळू शकतो. भुसावळच्या उन्हात बंद गाडीत तर तो मुळीच ठेवू नका.

एवढं करूनही खोट असलेला रॉड कोणी बदलून देत नसेल, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता मुंबईचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. तोवर बिल वाचता यायला हवं, आणि मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत कागदावरची छपाई आपल्या उन्हाळ्यात उडून जाते. त्याची झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढा.