काम शिकवताना मदत कमी कशी करत जावी: बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांचे व्यवसाय प्रशिक्षण आणि स्वतंत्र राहणे

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला काम शिकवायचे ठरले की बहुतेक पालक आणि शिक्षक ‘याला काय जमेल?’ या प्रश्नावर अडून बसतात. त्याऐवजी निवडलेले काम किती लहान कृतींचे बनलेले आहे, हे आधी पाहावे. १९७० च्या दशकात अमेरिकेत विशेष शिक्षणाचे संशोधक मार्क गोल्ड यांनी तीव्र अक्षमता असलेल्या प्रौढांना सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवले होते. शिकणाऱ्याला जमले नाही तर शिकवण्याची रीत बदलावी, अशी त्यांची भूमिका होती आणि पुढील सर्व सूचनांना तीच लागू आहे.

उदाहरणासाठी टॉवेलची घडी घालण्याचे काम घेऊ, कारण ते घरातही लागते आणि लाँड्रीतल्या नोकरीतही. शिकवणाऱ्याने ते काम स्वतः सावकाश करून हाताची प्रत्येक हालचाल कागदावर उतरवावी आणि मग तो कागद दुसऱ्या कोणाला तरी देऊन, लिहिले आहे तेवढेच करायला सांगावे. आपण गृहीत धरलेल्या पायऱ्या तिथेच उघड्या पडतात. ‘नीट घडी घालणे’ ही पायरी नव्हे. ‘उजवीकडचे दोन्ही कोपरे डावीकडच्या कोपऱ्यांवर ठेवणे’ ही पायरी आहे, कारण ती झाली की नाही हे बघणाऱ्या कोणालाही सांगता येते.

शिकवायला मात्र शेवटच्या पायरीपासून सुरुवात करावी. पहिले काही दिवस सगळी घडी शिक्षकाने घालावी आणि तयार टॉवेल गठ्ठ्यावर ठेवण्याचे तेवढे शिकणाऱ्याकडे सोपवावे. ते सलग तीन दिवस मदतीशिवाय झाले की त्याच्या आधीची पायरीही त्याच्याकडे द्यावी. या उलट्या क्रमामुळे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होते आणि पूर्ण झालेले दिसते, तर पहिल्या पायरीपासून शिकवताना कित्येक दिवस त्याच्या वाट्याला अर्धवट कामच येते.

मदत किती करायची यापेक्षा ती कशी काढून घ्यायची, हे अधिक कठीण आहे. हात धरून करवून घेणे, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग पायऱ्यांची चित्रे, असा उतरता क्रम ठेवावा आणि कोणतीही मदत करण्यापूर्वी मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. तोंडी सूचना शक्यतो टाळाव्यात, कारण त्या बंद करणे सर्वांत अवघड जाते: ‘आता पुढे काय?’ हे वाक्य शिकणाऱ्यासाठी कामाचाच भाग होऊन बसते आणि ते ऐकू आल्याशिवाय हात हलत नाही. (याबाबतीत आईवडिलांइतकेच अनुभवी शिक्षकही चुकतात.) मदतीविना झालेल्या पायऱ्यांची संख्या रोज लिहून ठेवावी. आठवडाभर ती वाढली नाही, तर अडलेल्या पायरीचे दोन तुकडे करावेत किंवा घडीच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा द्यावा. अंदाज घेणे जमत नसेल तर तो अंदाज साच्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही.

वर्गात आलेले कौशल्य नोकरीच्या ठिकाणी आपोआप उतरत नाही, म्हणून संरक्षित कार्यशाळेत (म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कामाच्या जागी) वर्षानुवर्षे ‘तयारी’ करून घेण्यापेक्षा आधी प्रत्यक्ष जागी नेमणूक आणि मग तिथेच प्रशिक्षण, ही पद्धत अधिक उपयोगी पडते. तीन-चार वेगवेगळ्या कामांचा काही दिवस अनुभव देऊन निवड त्या तरुणालाच करू द्यावी. आवाज, गर्दी, उभे राहण्याचा वेळ यांचा त्रास बोलून सांगता आला नाही तरी वागण्यातून तो कळतो. नोकरीच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्या नोकरी-मार्गदर्शकाने ते काम प्रथम स्वतः शिकावे आणि स्वतः तिथून बाजूला होण्यापूर्वी अडचण विचारता येईल असा एक सहकारी पक्का करावा. चूक झाली तर कोणाला सांगायचे, सुटी संपल्यावर कधी परतायचे, हेही पायऱ्या पाडूनच शिकवावे, कारण नोकरी अनेकदा कामामुळे नव्हे तर अशा गोष्टींमुळे जाते. मोबदल्याबाबत भीड ठेवू नये: संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या कलम २७ मध्ये समान मोलाच्या कामाला समान मोबदल्याचा हक्क मान्य केलेला आहे. नियमित काम करून घेऊन त्याला प्रशिक्षण म्हणत राहणे त्यात बसत नाही.

त्याच करारातील कलम १९ कुठे आणि कोणाबरोबर राहायचे याच्या निवडीविषयी आहे. एकट्याने राहण्यासाठी हिशेब पक्का असलाच पाहिजे, असे नाही. किंमत सात रुपये आणि वर काही पैसे असेल तर आठ रुपये द्यायचे, म्हणजे पूर्णांकापेक्षा नेहमी एक जास्त, एवढा नियम आला तरी बरीचशी खरेदी होते. बसप्रवासात आधी शेजारी बसावे, मग काही आसने मागे, मग फक्त उतरण्याच्या थांब्यावर भेटावे. चुकीच्या थांब्यावर उतरल्यास काय करायचे, याचा सराव मुद्दाम तिथे उतरून करावा.

नकार देणे हे कौशल्य सहसा कोणत्याच यादीत नसते. प्रत्येक सूचना पाळण्याची सवय लागलेल्या व्यक्तीला पैसे मागणारा अनोळखी माणूसही सूचना देणाराच वाटतो. हा सराव घरातच होऊ शकतो, पण त्यासाठी कपडे, पाहुणे, झोपण्याची वेळ अशा बाबतींत तरुणाने ‘नाही’ म्हटले तर पालकांनी ते खरोखर मानावे लागते. आईवडील थकल्यानंतर घाईने सोय लावण्यापेक्षा ते धडधाकट असतानाच आठवड्यातून एक रात्र वेगळे राहण्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी घराची पाहणी करण्याआधी रात्र कशी गेली हे त्यालाच विचारावे आणि त्याने सांगितलेली अडचण पुढच्या आठवड्यात शिकवायला घ्यावी.