प्रोग्राममधूनच सीपीयू किती वापरला जातोय ते कसं मोजायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की सीपीयू किती टक्के चाललाय हा आकडा सिस्टीममध्ये कुठेही तयार लिहिलेला नसतो, सिस्टीम फक्त बूट झाल्यापासून किती वेळ कामात गेला नि किती रिकामा गेला एवढंच मोजत बसते. म्हणून दोनदा वाचायचं, मधे सेकंदभर थांबायचं आणि वजाबाकी करायची, बास.

लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधली स्टॅट फाइल उघडा. पहिल्याच ओळीत सीपीयू शब्दापुढे आकडे दिसतील, त्यातला ४था म्हणजे रिकामा वेळ, ५वा डिस्कची वाट बघण्यात गेलेला, मी हे दोन्ही रिकाम्यातच धरतो. बेरीज पहिल्या ८ आकड्यांचीच करा, पुढचे २ आधीच्या आकड्यांतच धरलेले असतात. समजा दोन वाचनांमध्ये एकूण ४०० टिक (हे आकडे ज्या एककात मोजतात ते) वाढले आणि त्यातले ३०० रिकामे, तर वापर झाला २५ टक्के.

विंडोजवर गेट-सिस्टीम-टाइम्स हे फंक्शन आहे, पण तिथे कर्नल टाइममध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या कामाचा वेळ) रिकामा वेळ आधीच मिसळलेला असतो, तो वजा नाही केला तर उत्तर भलतंच येतं.

पायथॉनवाल्यांनी सरळ पीएसयूटिल ही तयार लायब्ररी घ्यावी, उगाच डोकेफोड कशाला. फक्त इंटरव्हल (दोन वाचनांमधला वेळ) दिला नाही तर पहिल्या कॉलला शून्यच येतं, ते सोडून द्या. आणि एकाच प्रोसेसचा वापर १०० च्या वर दिसला तर दचकू नका, ती सीपीयूचे एकापेक्षा जास्त कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) वापरतेय इतकंच.