सोसायटीची आगोटीची कामं एप्रिलमध्येच काढा

मुंबईत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी म्हटली की अजूनही सात जूनच्या मृगाचा हिशोब धरला जातो. तो आधी सोडा. २०२५ साली मान्सून शहरात २६ मेला दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. महापालिकेची नालेसफाई साधारण अशी ठरलेली असते, की वर्षभरातला ऐंशी टक्के गाळ मेअखेरपर्यंत काढायचा, दहा टक्के पावसाळ्यात आणि उरलेला नंतर. पाऊस पंधरा दिवस अलीकडे आला, तर शेवटच्या फेरीचा गाळ नाल्यातच असतो. म्हणून सोसायटीच्या आवारातली पावसाच्या पाण्याची चेंबरं, जाळ्या आणि गच्चीवरचे पाइप एप्रिलअखेरीस साफ करून घ्या. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलायला लावा. चेंबरशेजारी ढीग घालून ठेवला, तर पहिल्याच सरीत तो पुन्हा आत जातो.

सफाई चालू असतानाच एक तपासणी करा: गच्चीचं पाणी नेमकं कुठे जातं? मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या वेगळ्या आहेत. एखाद्या दुरुस्तीत प्लंबरने सोयीचं म्हणून पावसाचा पाइप मलवाहिनीच्या चेंबरला जोडलेला असू शकतो. मग जोराच्या पावसात तळमजल्याच्या न्हाणीघरातून मैला वर येतो. बादलीभर रंगीत पाणी वरून सोडलं की जोडणी कुठे आहे ते लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सहसा यादीत नसणारं: आपलं पाणी आपल्याच आवारात थोडा वेळ थोपवणं. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, तीही अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. तेव्हा मुरायला जमीन होती. आज गच्ची, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा रस्ता आणि पार्किंग मिळून जवळजवळ सगळंच पाणी गटाराकडे धावतं. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्यासाठीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली, पण त्या कामांना खरा वेग आला तो २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर. दरम्यान हवा तापली. तापमान एक अंशाने वाढलं की हवेत सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि शेजारी अरबी समुद्रही गरम होत चालला आहे. पाऊस दिवसभर पसरून पडण्याऐवजी दोन-तीन तासांत ओततो. गटार रुंद करूनही पाणी तुंबतं, त्याचं मोठं कारण हे आहे.

हजार चौरस मीटरचं आवार घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या एका आवारातून तासाभरात पन्नास हजार लिटर, दहा हजारी टँकर पाच. गल्लीतल्या वीस सोसायट्यांनी ते एकदम सोडलं, तर कुठलंही गटार पुरणार नाही. तेव्हा गच्चीचं पाणी आधी साठवण टाकीत घ्या, टाकी भरल्यावर शोषखड्ड्यात आणि मगच बाहेर. शोषखड्डा असेल तर त्यातली रेती-खडी काढून धुऊन घ्या. गाळ बसलेला खड्डा पाणी पीत नाही. झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडा, पार्किंगच्या कडेची एक पट्टी तरी मातीची करा. महापालिकेनेही दरवर्षी तुंबणाऱ्या हिंदमाता या सखल भागातल्या पाण्यासाठी दादर-परळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या त्या याच कारणाने: भरती असेपर्यंत पाणी धरून ठेवायचं.

कारण भरती हा मुंबईचा दुसरा पाऊस आहे. गटारांची समुद्राला मिळणारी बहुतेक तोंडं (पातमुखं) भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे उधाणात पाणी उपसा केंद्रांतल्या पंपांनी बाहेर टाकावं लागतं. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते. ती छापून लिफ्टपाशी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आणि दुपारची मोठी भरती एकाच दिवशी आली, तर साठवण टाकी सकाळीच रिकामी करा आणि तळघरातल्या गाड्या वर आणा. शहराची सरासरी बघून निश्चिंत राहू नका: २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७४. आपल्या वॉर्डातल्या पर्जन्यमापकाचा आकडा बघा.

पिण्याच्या भूमिगत टाकीचं झाकण जमिनीलगत असेल, तर भोवती दीड-दोन फुटांचा कट्टा बांधून घ्या. गटाराचं पाणी टाकीत शिरलं की सगळी इमारत आजारी पडते. मीटरची खोली वर नेणं खर्चाचं असतं, तरी सखल भागात तो खर्च करावाच. पाणी चढू लागलं की मुख्य स्विच कोणी बंद करायचा, हे नावानिशी ठरवा. लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून बंद ठेवा. उपसा पंप तळघरात ठेवू नका.

आणि मॅनहोलचं झाकण कुणीही उघडायचं नाही, पाणी कितीही तुंबलं तरी. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला. झाकण सरकलेलं दिसलं तर तिथे माणूस उभा करा आणि महापालिकेच्या १९१६ वर फोन करा. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) टाळण्याच्या गोळ्यांबद्दल लगेच डॉक्टरांना विचारावं.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर ते कुठवर चढलं होतं तिथे ऑइल पेंटने रेघ मारा, शेजारी तारीख, पावसाचा आकडा आणि भरतीची वेळ लिहा. पुढच्या सर्वसाधारण सभेत कट्टा किती उंच आणि टाकी किती मोठी, हे त्या रेघेवरून ठरवता येईल.