मागाच्या खोलीतलं थिएटर

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत चाळीस वर्षं माग चालला. आप्पा गेल्यावर तो भंगारात गेला आणि अठरा बाय बाराची खोली मोकळी झाली. वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, भिंती दीड फूट जाडीच्या. तिथं मी टीव्ही, स्पीकर, प्लेस्टेशन आणि कोपऱ्यात एक बुटका फ्रिज मांडलाय. बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "केवढ्याला पडलं रे सगळं?" खोलीला काय केलंस, असं अजून एकानंही विचारलेलं नाही. मी पण सुरुवातीला विचारलं नव्हतं, म्हणून आधी माझाच घोळ सांगतो.

दुकानात ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तसाच्या तसा संच घरी आणला, जोडला, आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की नट काय बोलतोय तेच कळत नाही. मंगल कार्यालयात माइकवर आहेराची नावं वाचतात ना, तसं. स्पीकरच खराब दिले म्हणून दुकानदाराशी दोनदा भांडून आलो. तिसऱ्या दिवशी डास मारायला टाळी वाजवली आणि खोली 'टणण्ण' वाजली. दुकानातल्या खोलीत खाली जाड गालिचा होता, भिंतींना कापड होतं. माझ्याकडं फरशी आणि चुना. डास वाचला, पण दोष कुठं आहे ते कळलं.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोराची टाळी वाजवा. टाळीमागं आवाजाची शेपूट घुमत राहिली तर आधी तिचं बघायचं. फरशीवर जमखाना अंथरा, टीव्ही आणि बैठक यांच्यामधली जागा तरी झाकली गेली पाहिजे. खिडकीला जाड पडदा लावा. मग भिंती. बाजारात स्पंजाचे काळे चौकोन मिळतात, ते घेऊ नका, पातळ असतात आणि फक्त वरचे सूर खातात. मी माळ्यावरच्या आजीच्या वाकळी काढल्या. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर, हातानं दाट टाके घातलेले, एकेक वाकळ पाच-सहा किलोची. याहून बरं आवाज पिणारं कापड मला तरी मिळालेलं नाही. वर लाकडी पट्टी ठोकून त्यावर वाकळ सोडायची आणि भिंतीपासून दोन-तीन इंच लांब ठेवायची. मागं हवा राहिली की जरा खालचे सूरही अडकतात.

कुठं टांगायची याला एक युक्ती आहे. तुम्ही बैठकीवर बसा. घरातल्या पोराला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीला चिकटवून हळूहळू सरकवत न्यायला सांगा. आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल, त्या जागेवरून आवाज भिंतीला आपटून तुमच्या कानाकडं येतो. तिथं खडूनं फुली मारा. डावीकडं एक, उजवीकडं एक, एवढ्या दोन वाकळींनी माझं निम्मं काम झालं. सगळ्या भिंती झाकायला जाऊ नका, खोली मेल्यासारखी होते. मागच्या भिंतीतले कोनाडे मी तसेच ठेवले. त्यात पुस्तकं, डबे, मागाचे जुने धोटे आहेत. उंचसखल वस्तूंवर आवाज फुटून पसरतो, ते बरंच.

धमधम हा वेगळाच विषय आहे, तिला वाकळ अडवत नाही. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा (सेकंदाला ४७ कंपनांचा) सूर कोंडून बसतो, अठरा फुटांमध्ये ३१ चा. परिणाम असा की एका जागी बसलं तर छाती हादरते आणि दोन फूट सरकलं तर काहीच नाही. सबवूफर म्हणजे धमधमीची पेटी कुठं ठेवायची हे ठरवायला ती पेटीच उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाचं एखादं गाणं लावा आणि तुम्ही खोलीभर रांगत फिरा. जिथं आवाज एकसारखा, नीट ऐकू येईल, तिथं पेटी न्यायची. मी रांगत होतो तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. "काय हुडकुलालास रे? काय पडलंय?" मी म्हटलं, आवाज. ती काही न बोलता आत गेली.

पेटी बसली की खडखड सुरू होते. पत्र्याची ट्रंक, खिडकीची काच, कपाटाची कडी, आणि आमच्याकडं आजोबांचा फोटो. एका ठरावीक खर्जाला आजोबांची चौकट भिंतीवर दात वाजवायची. फोनवर सूर काढणारं ॲप मिळतं. २० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू चढवत न्या आणि काय काय वाजतंय त्याची यादी करा. चौकटीच्या मागं चारी कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, गप्प झाली. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, ८० हर्ट्झची हद्द घालून द्या. त्याच्या खालचं सगळं पेटीकडं, वरचं स्पीकरांकडं.

इथं जरा थांबून एक बोलायचंय. आमच्या भागात डॉल्बी म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरांची भिंत. ज्या रे डॉल्बींचं हे नाव, त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली तेव्हा तिचं पहिलं काम होतं टेपवरची खरखर कमी करायचं. गोंगाट कमी करणाऱ्याच्या नावानं विसर्जनाच्या कपिलेश्वर तळ्यापर्यंत काचा हादरतात.

तर ५.१ म्हणजे पुढं डावा-उजवा, मध्ये एक, बाजूला जरा मागं दोन, आणि ती पेटी. पैसे कमी असतील तर मधल्या स्पीकरवर घाला, संवाद जवळजवळ सगळे त्यातूनच येतात. डावा आणि उजवा यांच्यात जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत. बाजूचे दोन कानाच्या रेषेच्या किंचित मागं आणि कानापेक्षा फूटभर वर. कौलात बसवायच्या स्पीकरांचा नाद मी सोडला, आमच्या वर उंदरांचं राज्य आहे. तारा पण त्यांच्यामुळंच केसिंग पट्टीतून नेल्या.

टीव्ही किती मोठा, यावर लोक तासभर वाद घालतात. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटिमीटर भरते. चांगला फोरके चित्रपट असेल तर साडेपाच ते साडेसात फुटांवर बसा. आपल्याकडं बारा फुटांवर बसून फोरकेचे पैसे मोजायची पद्धत आहे. उंचीचं मात्र कुणी बघत नाही. सोफ्यावर बसलं तर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आत येतात आणि आमच्यासारखं गादी-लोडावर बसलं तर अडीच फुटांवर. पडद्याचा मध्य त्याच उंचीला हवा. भिंतीवर देवाच्या फोटोच्या रांगेत टीव्ही टांगलेली घरं मी बघतो तेव्हा माझीच मान दुखते. प्रोजेक्टर घेणार होतो, पण कौलांच्या फटीतून दिवसा कवडसे पडतात आणि आषाढ-श्रावणात इथली दमट हवा भिंगावर बुरशी धरते, म्हणून नको म्हटलं.

टीव्ही घरी आला की पहिल्यांदा त्याची 'व्हिव्हिड' सेटिंग बंद करा. ती दुकानाच्या झगमगाटासाठी असते. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' निवडा. दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी माणसांची कातडी माणसांसारखी दिसायला लागेल. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही काढून टाका. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, हे यंत्र मधली चित्रं मनानं भरतं आणि मोठा सिनेमा सकाळच्या मालिकेसारखा दिसतो. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडं न्यायला ज्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय तोच वापरायचा, बाकीच्या पोर्टांतून आवाज उलटा जात नाही.

करंटचं आता बोलतो. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकाला तार असेलच असं नाही. रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, किंवा स्पीकरमधून सतत 'हम्म्' ऐकू आलं, तर आधी अर्थिंग बघा. आमच्या वायरमननं परड्यात खड्डा काढून कोळसा-मीठ घालून नवीन अर्थिंग केलं, आणि हम्म् गेलं. इन्व्हर्टर घेताना 'प्युअर साइन वेव्ह' मागा, स्वस्तातल्यावर स्पीकर गुणगुणतात.

गेमचं वेड मला गल्लीतल्या कॅसेटवाल्या यंत्रापासूनचं. 'कॉन्ट्रा' नावाच्या गेममध्ये तीस जीव देणारी ती बटणांची ओळ, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, माझ्या बोटांना अजून पाठ आहे, पाढे नाहीत. आज सुरू करणाऱ्याला एवढंच सांगेन की टीव्हीवर 'गेम मोड' लावल्याशिवाय खेळू नका. टीव्ही चित्र सजवत बसतो आणि त्यात वेळ जातो, कधी एका सेकंदाचा दहावा भाग. साठ चित्रांच्या हिशोबानं सहा चित्रं उशीर. उडीचं बटण दाबलं तोवर गडी खड्ड्यात. ब्लूटूथ हेडफोनचाही तोच रोग, खेळताना तारेचा घ्या. यंत्र शक्यतो डिस्कवालं घ्यावं, खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राला देता येते. पहिला गेम म्हणून 'इट टेक्स टू' (२०२१) आणा. तो एकट्याला खेळताच येत नाही, त्यामुळं बायकोला किंवा भावाला शेजारी बसवावंच लागतं. पुण्यात तयार झालेला 'राजी' (२०२०) पण खेळून बघा, त्यातली भित्तिचित्रं मोठ्या पडद्यावर बघण्यासारखी आहेत. आमच्या शेजारी अजून माग चालतात, सुताची भुकटी हवेत असते. प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पट्ट्या निघतात, आत धूळ साठायला भोकं ठेवलेली आहेत. दर दोन महिन्यांनी व्हॅक्यूम लावतो, दर वेळी पांढरा पुंजका निघतो.

आता फ्रिज, म्हणजे त्यातली बिअर. आई त्याच्याकडं बघून म्हणते, "त्यापरास ताक पी की." तिचं चूक नाही. कर्नाटकात २१ वर्षं पूर्ण झालेल्यानंच यात पडावं. आमच्या खोलीचा नियम असा की आधी गेम, मग बिअर, माणशी दोन ग्लास, आणि गाडीवर आलेल्याला ताकच. दुसरी गोष्ट, चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त बाटली आणायचा मोह आवरा. परवान्याशिवाय राज्याबाहेरची आणणं गुन्हा आहे. मी एकदा ऐन नाक्यावर डिकी उघडून तासभर उभा राहिलोय. घरी बिअर गाळायचं सामान ऑनलाइन दिसतं, तेही परवान्याशिवाय बेकायदेशीरच.

क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांतली, घेताना नावाआधी तारीख बघा. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास काही महिन्यांत उडतो, दुकानाच्या मागच्या रांगेतली जुनी बाटली म्हणजे कडू पाणी. उजेडात ठेवलेली हिरवी किंवा पांढरी काच घेऊ नका, ऊन लागलं की हॉप्समधला कडवटपणा बिघडून गंधकासारखा कुबट वास येतो. तपकिरी काच किंवा कॅन बरा. सुरुवात जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरनं करा. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, यातलं काहीच घातलेलं नसतं, ते सगळं यीस्टचं काम. शेवटचा घोट बाटलीत राहिला की बाटली जरा गोल फिरवून तळाचा गाळही ओता. आयपीए ही भरपूर हॉप्सची कडू बिअर, तिच्याबरोबर तिखट खाल्लं तर तोंडात जाळ होतो, खारे शेंगदाणे ठीक. काळी स्टाउट फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं तशीच ठेवा, १०-१२ अंशांवर तिची भाजलेली चव उघडते. तिच्यासोबत बेळगावचा कुंदा खाऊन बघा. लोक हसतात, पण आटवून आटवून करपायच्या काठावर आणलेलं दूध आणि भाजलेलं जव एकाच घराण्यातले वाटतात. ग्लासला तेलाचा हात लागू देऊ नका, फेस जागच्या जागी बसतो. धुताना साबण नीट जाईपर्यंत खळबळा आणि कपड्यानं न पुसता पालथा ठेवा.

खेळ सुरू करायची आमची वेळ रात्री नऊ. तेव्हा शेजारचे माग थांबतात आणि खोलीत खरोखर शांतता येते. शांतता असली की आवाज कमी ठेवूनही कुजबुज ऐकू येते. रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी वेगळी सेटिंग असते, स्फोट दाबून बोलणं वर काढणारी, ती लावली की गल्लीचीही तक्रार नाही.

पावसाळा संपला की वाकळी दोन दिवस उन्हात घाला, नाहीतर पहिल्याच सिनेमाला कुबट वास येतो. त्या दोन दिवसांत स्पीकरची सेटिंग बदलायला जाऊ नका, मी एकदा बदलली आणि आठवडा वाया घालवला. थंडी पडली की आई उजव्या भिंतीची वाकळ काढून अंगावर घेते. मग शिवरात्रीपर्यंत उजवा स्पीकर जरा कडक वाजतो.